शाळेंतील बाग आणि प्राथमिक शिक्षण

मुलांच्या हातीं पाटी-पेन्सिल द्यावी कीं खुरपें द्यावें, हा प्रश्न आमच्या भागांत नवा नाहीं. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णाकांठचे. येथील बहुतेक घरांचा संबंध आजहि कोठें ना कोठें तरी शेतीशीं पोंचतो. अशा घरांतील बाप जेव्हां मुलास शाळेंत घालतो, तेव्हां आपण उन्हातान्हांत जीं ढेंकळें फोडलीं तीं मुलाच्या कपाळीं येऊं नयेत, ही आशा त्याच्या मनांत असते. मग एखादे दिवशीं मुलगा मातीनें भरलेल्या हातांनीं घरीं येतो आणि सांगतो, “आज गुरुजींनीं आम्हांस वाफे करावयास लाविलें.” बाप सहजच म्हणतो, “माती उकरावयाचीच होती, तर घरचें रान काय थोडें होतें? त्याकरितां शाळा कशाला?”

हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. त्याच्या मागें अनेक पिढ्यांचे कष्ट उभे आहेत. तेव्हां त्याचें उत्तरहि नीट विचार करूनच दिलें पाहिजे. तें उत्तर थोडक्यांत असें आहे : ज्या बागेंत मूल प्रश्न विचारतें, मोजतें आणि लिहून ठेवतें, ती बाग वर्गच होय. ज्या बागेंत तें केवळ सांगितलेलें काम करितें, तेथें बापाचा आक्षेप खरा आहे.

पूर्वपीठिका

शेतीचें ज्ञान प्राथमिक शाळेंत मिळावें हा विचार कोणी परक्यानें आपल्या गळ्यांत बांधलेला नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांतलें, कटगुण गांवचें. जोतीरावांचें स्वतःचें इंग्रजी शिक्षण १८४१ ते १८४७ या काळांत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. १८८२ सालीं सरकारनें नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शाळेंतील विषय सांगतांना वाचन, लेखन व हिशेब यांच्या जोडीस शेतीचें प्राथमिक ज्ञानहि त्यांनीं मागितलें. इतकेंच नव्हे, तर मुलांस प्रत्यक्ष धडे देतां येतील असें लहानसें नमुन्याचें शेत असावें, व तें खरोखर नीट चालविल्यास देशाचें मोठें कल्याण होईल, असेंहि त्यांनीं सुचविलें. शेतकऱ्याच्या मुलानें शाळेंत यावें म्हणून ज्या पुरुषानें जन्मभर झीज सोसली, त्यानेंच शाळेंत शेत मागावें, ही गोष्ट पालकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

श्रम आणि विद्या यांची सांगड साताऱ्यांत प्रत्यक्ष घालून दाखविली ती कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें झाला. लोखंडी नांगरांच्या कारखान्यांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडीं हिंडले, आणि त्या हिंडण्यांत शेतकऱ्याच्या घरचें दैन्य व अज्ञान त्यांनीं जवळून पाहिलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास आणिलें. तेथील वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं राहत, एका पंक्तीस जेवत, आणि स्वयंपाक, पाणी, झाडलोट हीं सर्व कामें स्वतःच करीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें या वसतिगृहास छत्रपति शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. पुढें साताऱ्यांतील धनिणीच्या बागेंत या वसतिगृहाचा संसार वाढला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने विकून या मुलांस जेवूं घातल्याची हकीगत साताऱ्यांत घरोघर ठाऊक आहे. १९३५ सालीं प्राथमिक शिक्षक तयार करणारें विद्यालय निघालें, व १९४० सालीं महाराजा सयाजीराव विद्यालय निघालें. श्रम करून शिकावें, शिकून श्रमास लाजूं नये, ही शिकवण या सर्वांच्या बुडाशीं होती. संस्थेचें ब्रीद स्वावलंबी शिक्षण, आणि बोधचिन्ह वटवृक्ष.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३७ मध्यें, वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. भाषा, गणित, भूगोल हे विषय पुस्तकांतून सुटे सुटे न शिकवितां एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानें शिकवावेत, हें त्या योजनेचें मुख्य सूत्र होय. सूतकताईबरोबर शेती-बागाइतीसहि तींत स्थान होतें.

या तीन उदाहरणांतून लहान मुलांच्या शाळेनें काय घ्यावें, हें मात्र विवेकानें ठरविलें पाहिजे. भाऊरावांचे विद्यार्थी वयानें मोठे होते, आणि परिस्थितीनें गांजलेले असल्यामुळें त्यांना कष्ट करूनच शिकणें भाग होतें. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातून शाळेनें कांहीं कमवावें, ही अपेक्षा ठेवणें गैर आहे. त्या परंपरेंतून घ्यावयाचा तो कष्टांचा भार नव्हे, तर श्रमाविषयींचा आदर आणि समानता. सर्व मुलांच्या हातीं एकच खुरपें, आणि सर्वांच्या पायांस एकच माती.

काम आणि पाठ यांतील भेद

घरच्या शेतांत मूल पुष्कळ शिकतें, यांत संशय नाहीं. परंतु तेथें पीक बुडण्याची धास्ती असते, म्हणून प्रयोग करण्यास सवड नसते. “असें कां?” म्हणून विचारणाऱ्या मुलास “पूर्वीपासून असेंच करितात” हें उत्तर मिळतें. शाळेची बाग लहान असते. तेथें एक वाफा मुद्दाम बिघडविला तरी कोणाची चूल बंद पडत नाहीं. एका वाफ्यास खत घालावें, दुसऱ्यास घालूं नये. एक ओळ दाट पेरावी, दुसरी विरळ पेरावी. काय होईल याचा तर्क आधीं वहींत लिहावा, आणि काय झालें तें नंतर त्याखालीं लिहावें. तर्क चुकला तर खोडूं नये. शेतांत चूक महाग पडते. शाळेच्या वाफ्यांत ती स्वस्तांत मिळते, आणि तिच्यापासून शिकतां येतें. काम आणि पाठ यांतील खरा भेद तो हाच.

याकरितां प्रत्येक मुलाची एक बागवही असावी. तींत तारीख, काय केलें, काय मोजलें, काय दिसलें, हें रोज दोन-चार ओळींत लिहावें. ज्या मुलास “पावसाळा” या विषयावर दहा ओळी सुचत नाहींत, तेंच मूल आपल्या वाफ्यांतील भेंडीवर पडलेल्या किडीविषयीं पानभर लिहितें, कारण तें त्यानें स्वतः पाहिलेलें असतें. भाषेचा अभ्यास याहून निराळा तो काय असावयाचा?

चार पाठ

पहिला पाठ बियांचा. पेरणीपूर्वीं मेथीचे ५० दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे, आणि फडकें वाळूं देऊं नये. चार-पांच दिवसांनीं किती दाणे उगवले तें मोजावें. ४२ उगवले, तर शेंकडा ८४ झाले. शेंकडेवारी म्हणजे काय, हें मुलास आतां निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. मग पुढचा प्रश्न घालावा : आपल्याला २१० रोपें पाहिजेत, तर दाणे किती पेरावे? मुलें २५० हें उत्तर काढतात, आणि मग प्रत्यक्ष पेरून ताळा पाहतात. मातींत पेरलेले दाणे फडक्यांतल्यापेक्षां कमी उगवले, तर तें कां, हाहि एक पाठच. याच वेळीं चवळीचा दाणा व ज्वारीचा दाणा शेजारीं शेजारीं रुजत घालावा. चवळी दोन दळें घेऊन वर येते, ज्वारी एकच पातें काढते. एकदल आणि द्विदल हे शब्द मग पाठ करावे लागत नाहींत.

दुसरा पाठ पावसाचा. सपाट बुडाचें, उभ्या कडांचें एखादें भांडें उघड्यावर ठेवावें, आणि रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं त्यांतील पाणी पट्टीनें मोजावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांस एकदां पटला म्हणजे भूगोल जिवंत होतो. वाफा २ मीटर लांब व १ मीटर रुंद असला, आणि रात्रींत १२ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या वाफ्यास २४ लिटर, म्हणजे १२ लिटरच्या दोन बादल्या पाणी मिळालें. आतां आपल्याच जिल्ह्याकडे पाहावें. महाबळेश्वरास वर्षाचा पाऊस ५५०० मिलिमीटरांहून अधिक, आणि त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत तो ५०० च्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पूर्वेकडील रानें तशींच कोरडीं राहतात. सांगली जिल्ह्यांत शिराळा व जत यांच्यामध्यें हाच फरक दिसतो. मिरजेकडील हळदीचें व उसाचें रान आणि जतकडील ज्वारी-बाजरीचें रान एकाच जिल्ह्यांत निरनिराळें कां, हें भांड्यांतील पाण्यावरून मुलास उमगूं लागतें.

तिसरा पाठ फुलांचा. तांबड्या भोपळ्याच्या वेलास दोन प्रकारचीं फुलें येतात. एकाच्या देंठाशीं चिमुकला भोपळा दिसतो, तें मादीफूल. दुसऱ्याचा देंठ सडपातळ असतो, तें नरफूल. उद्यां उमलणार अशा तीन मादीकळ्या आदल्या संध्याकाळीं निवडाव्या. एक मोकळी ठेवावी. उरलेल्या दोहोंस पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्या. नरफुलाच्या एका कळीवरहि तशीच पिशवी बांधावी. सकाळीं फुलें उमलल्यावर दोन पिशव्यांपैकीं एक सोडून त्या मादीफुलाच्या मध्यभागीं झांकलेल्या नरफुलाचा पराग हळूच लावावा व पिशवी पुन्हां बांधावी. दुसऱ्या पिशवीस हात लावूं नये. फुलें कोमेजल्यावर पिशव्या काढाव्या. आठवड्याभरांत बहुधा असें दिसतें कीं, मोकळें फूल व हातानें पराग लाविलेलें फूल यांचीं फळें धरतात, आणि जें झांकलेलेंच राहिलें त्याचें फळ पिवळें पडून गळतें. मधमाशी शेतकऱ्याची कोण लागते, हें सांगण्यास यानंतर व्याख्यान नको. माश्या दिसतांच फवारणी करूं नये, ही समजहि मुलांस आपोआप येते.

चौथा पाठ मुळांचा. पेरून पांच-सहा आठवडे झालेलें चवळीचें एक झाड मुळांसकट अलगद काढावें, आणि मुळें पाण्यांत धुवावीं. त्यांवर बारीक गांठी दिसतात. एखादी गांठ नखानें फोडली, तर आंत गुलाबी रंग दिसतो. त्या गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र घेऊन झाडास देतात, आणि झाड त्यांस अन्न पुरवितें. कडधान्यानंतर ज्वारी चांगली येते हें आजोबांस ठाऊक होतें. तें कां येते, हें नातवास आतां ठाऊक झालें. तो घरीं जाऊन तें सांगेल, तेव्हां आजोबांचा अनुभव आणि शाळेचें ज्ञान एकमेकांस ओळखतील. हा क्षण शिक्षणांत फार मोलाचा आहे.

बागेची व्यवस्था

बाग मोठी नसावी. चाळीस मुलांच्या वर्गास २ मीटर लांब व १ मीटर रुंद असे आठ वाफे पुरेत. पांच मुलांमागें एक वाफा येतो. रुंदी याहून अधिक ठेवूं नये, कारण मग लहान मुलाचा हात दोन्ही बाजूंनीं मध्यापर्यंत पोंचत नाहीं व तें वाफ्यांत पाय ठेवितें. जर्मनींत १८४० सालीं ज्या फ्रोबेलनें बालशाळेस मुलांची बाग या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें, त्यानें मुलांचे स्वतःचे वाफे व सर्वांचे सामाईक वाफे असे दोन्ही योजिले होते. ही योजना आजहि हितावह आहे. आपल्या वाफ्यामुळें जबाबदारी कळते, सामाईक वाफ्यामुळें सहकार्य कळतें.

आमच्याकडे शाळेचें वर्ष मृगाच्या पावसाबरोबर सुरू होतें, ही मोठी सोय आहे. जून-जुलैमध्यें भेंडी, चवळी, भोपळा लावावा. दिवाळीच्या सुटीनंतर मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर घ्यावी. मेथी महिन्याभरांत व मुळा दीड महिन्यांत हातीं येतो, तेव्हां मुलांचा धीर सुटण्यापूर्वींच फळ दिसतें. धीर धरावयास शिकविण्याकरितां एका कोपऱ्यांत हळद असावी. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेव्हां आपल्या बाजारपेठेचें हें पीक मुलांनीं गड्ड्यापासून कुडीपर्यंत पाहिलेंच पाहिजे. जूनच्या मध्यास लाविलेली हळद आठ-नऊ महिन्यांनीं, परीक्षेच्या तोंडावर, निघते. लावणारा वर्गच ती काढतो. उन्हाळ्याच्या सुटींत पीक ठेवूं नये. वाफे वाळल्या पाल्यानें झांकावे, म्हणजे माती तापत नाहीं.

पाण्याविषयीं विशेष सांगावयास हवें. माण, खटाव, जत या बाजूस प्यावयाचें पाणी मिळविणें कठीण, तेथें बागेस पाणी कोठून आणावें? मधल्या जेवणानंतर मुलें हात व ताटें धुतात, तें पाणी चर काढून बागेंत न्यावें. साबणाचें पाणी असल्यास तें पालेभाजीस न देतां केळीस किंवा फुलझाडांस द्यावें. झाडाशेजारीं मातीचें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेविलें, तर पाणी हळूहळू पाझरतें व फुकट जात नाहीं. अवर्षणाच्या गांवांत अर्धीच बाग करावी, परंतु पाणी मोजून करावी. तेथील मुलांस तोच सर्वांत मोठा पाठ आहे.

कांहीं पथ्यें

बाग चांगली चालावी म्हणून शिक्षकांनीं कांहीं पथ्यें कटाक्षानें पाळावीं. पहिलें पथ्य असें कीं, शिक्षा म्हणून कोणाच्याहि हातीं खुरपें देऊं नये. गैरवर्तनाबद्दल मुलास तण काढावयास लाविलें, कीं श्रम हा अपमान आहे असा धडा शाळेनेंच दिल्यासारखें होतें. दुसरें, मुलींनीं झाडावें व मुलांनीं खणावें, अमक्यानें शेण कालवावें व तमक्यानें फुलें तोडावीं, अशी वांटणी कधींहि होऊं देऊं नये. सर्व कामें पाळीपाळीनें सर्वांकडे आलीं पाहिजेत. तिसरें, पाहुणे येणार म्हणून माळ्याकडून बाग सजवून घेऊं नये. मुलांच्या हातची वांकडी ओळ माळ्याच्या सरळ ओळीपेक्षां शिक्षणदृष्ट्या श्रेष्ठ होय. चौथें, विषारी औषधें बागेंत आणूं नयेत. मातींतून आल्यावर हात धुणें हाहि बागेचाच नियम असावा. आणि पांचवें, निघालेल्या मालाचें वजन वहींत मांडून तो शाळेच्याच जेवणांत यावा. मुलांनीं पिकविलें तें मुलांनीं खावें, यांतच न्याय आहे.

सरकारचेंहि आतां या गोष्टीस पाठबळ आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं शालेय पोषण बागांविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रांतील अनेक शाळांत परसबागा झाल्या आहेत. परंतु परिपत्रकानें वाफे होतात, पाठ होत नाहींत. पाठ होण्यास शिक्षकाचें लक्ष व मुलाची वही लागते.

पालकांस विनंती

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी मातीचे हात घेऊन घरीं आली, तर रागावण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारा : “आज काय मोजलेंस?” उत्तर मिळालें, तर समजा कीं तें शाळेंतच होतें. उत्तर मिळालें नाहीं, तर शाळेंत येऊन शिक्षकांस अवश्य जाब विचारा. तो आपला अधिकार आहे. आपल्यापैकीं ज्यांस शेतीचा अनुभव आहे, त्यांनीं महिन्यांतून एक तास शाळेच्या बागेंत येऊन मुलांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावीं. शेतकरी बापास गुरुजींच्या शेजारीं उभा राहून शिकवितांना मुलानें पाहिलें, तर बापाच्या धंद्याविषयींचा त्याचा आदर शतपटीनें वाढेल.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें डॉक्टर व्हाल, कोणी यंत्रज्ञ व्हाल, कोणी शेतींतच राहाल. कोठेंहि गेलांत तरी तर्क करणें, मोजणें, आणि तर्क चुकल्यास तें प्रामाणिकपणें लिहून ठेवणें, ही संवय तुमच्या कामास येईल. ज्यांचे आजे-पणजे माती उकरीत झिजले, त्यांच्या नातवंडांनीं मातीपासून पळून जाण्याकरितां शिकूं नये. मातीस प्रश्न विचारण्याइतके शहाणे व्हावें म्हणून शिकावें.